एकास चोवीस

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आपल्या १९९४ च्या दहावीच्या ग्रुपवर आला, तेव्हा बऱ्याच जणांनी गृहीत धरले की मी कॉम्प्युटरबद्दल लिहिणार. कॉम्प्युटरबद्दल मी रोज नोकरीत लिहिते आणि ते कोणी आवडीने वाचत नाही. म्हणून इथे माझ्या छंदाचा इतिहास लिहिते आहे. गेली काही वर्षे मी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारी जोडत बसते. घरच्यांनी आता हसणे सोडून दिले आहे. तुम्ही हसणार असाल तर स्नेहमेळाव्याच्या दिवशी समोर येऊन हसा.

आठवीत भूगोलाच्या बाईंनी नकाशाचे प्रमाण शिकवले होते. एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावर २ सेंटिमीटर आणि जमिनीवर १ किलोमीटर. माझ्या छंदाचा पाया तोच धडा आहे, फक्त आकडा वेगळा. एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीचे प्रत्येक माप भागिले २४. साधारण ३.३ मीटर लांबीची मारुती ८०० या हिशेबाने १४ सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरते, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षाही लहान. खोक्यात गाडी नसते, गाडीचे तुकडे असतात. चौकटीला फांद्यांसारखे चिकटलेले ते तुकडे कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. हे विकत मिळणारे किट कुठून आले, याची गोष्ट अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये सुरू होते.

डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. तिथे जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० मध्ये ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची स्पर्धा सुरू केली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातल्या घोडागाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची असे. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतली मोटार लाकडातून किंवा प्लॅस्टरमधून कोरण्याची स्पर्धाही आली. बक्षीस म्हणजे कॉलेजची शिष्यवृत्ती. कंपनीला त्यातून उद्याचे कारागीर आणि डिझायनर सापडत. १९४७ साली या स्पर्धेत जिंकलेला चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या साऱ्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. १९६८ मध्ये स्पर्धा बंद पडली, तोवर कित्येक तरुण त्या वाटेने मोटारींच्या धंद्यात शिरले होते.

या स्पर्धेचा एक नियम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकला. भाग फक्त मुलग्यांनी घ्यायचा.

हा नियम वाचला तेव्हा मला आपल्या शाळेचे वेळापत्रक आठवले. गुरुवारचे शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे. घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. मुलगे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाला आणि आम्ही मुली वरच्या मजल्यावर शिवणाला. का, हे कोणी विचारायचे नाही आणि कोणी सांगायचेही नाही. मी एकदा शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. सर म्हणाले, “काय गं, बाईंनी काही मागवलंय का?” मी म्हणाले, “नाही सर, रंधा कसा चालतो ते बघायचं होतं.” सरांनी एका फळीपुरता रंधा माझ्या हातात दिला. लाकडाची पातळ साल वळत वळत वर आली, मग सर म्हणाले, “जा आता, तुमचा तास तिकडे आहे.” सर रागावले नव्हते. त्यांच्या हातातही ते वेळापत्रकच होते.

असो. इतिहासाकडे परत येऊ.

दुसरे महायुद्ध संपल्यावर डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांना शोरूमच्या काउंटरवर ठेवायला नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती हव्या होत्या. १९४८ मध्ये वेस्ट गॅलोगली नावाच्या वकिलाने त्यासाठी एक कंपनी काढली. पहिले मॉडेल ॲल्युमिनियममध्ये ओतलेली फोर्ड होती, म्हणून कंपनीचे नाव ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’, थोडक्यात एएमटी. लवकरच ॲल्युमिनियम जाऊन प्लॅस्टिक आले, पण नाव तेच राहिले. ही मॉडेल मूळ कंपनीच्या खऱ्या रंगांत मिळत. गिऱ्हाईक काउंटरवरची गाडी उचलून म्हणे, मला या रंगाची द्या.

यात दोन गमती आहेत. पहिली अशी की नवी गाडी बाजारात यायच्या आधी मॉडेल तयार हवे, म्हणून कंपन्यांना आपल्या गुप्त गाडीचे नकाशे काही महिने आधीच या खेळणेवाल्यांना द्यावे लागत. दुसरी गंमत प्लॅस्टिकची. सुरुवातीच्या प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या आणि ते वर्षानुवर्षे हळूहळू वाकते. म्हणून त्या काळातल्या जुन्या गाड्या आज संग्राहकांच्या कपाटात कमानीसारख्या वाकून उभ्या दिसतात. १९६० च्या सुमारास पॉलिस्टायरीन आले आणि गाड्या सरळ राहू लागल्या.

प्लॅस्टिकचे तुकडे घरी जोडण्याचा छंद तोवर सुरू झालाच होता. कॅलिफोर्नियाच्या रेव्हेल कंपनीने १९५१ पासून ‘हायवे पायोनियर्स’ या नावाने जुन्यापुराण्या मोटारींची किट विकली होती. पण खरी उडी १९५८ ची. एएमटीने शोरूममधली मॉडेल न जोडताच खोक्यात भरून विकायला काढली आणि त्यांना ‘थ्री इन वन’ म्हटले. एकाच खोक्यातून गाडी तीन प्रकारे करता येई: कारखान्यातून येते तशी, शर्यतीसाठी, किंवा आपल्या मनासारखी बदललेली. मला या तिसऱ्या प्रकाराचे फार मोल वाटते. सूचनापत्रकानेच सांगितले होते की मूळ नकाशा बाजूला ठेवलास तरी चालेल. डेट्रॉईटजवळच्या जो-हान आणि १९६३ च्या सुमारास सुरू झालेल्या एमपीसी या कंपन्याही याच बाजारात होत्या. प्रमाण बहुधा एकास पंचवीस. रेव्हेल आणि शिकागोच्या मोनोग्रामने इतर प्रमाणांत गाड्या आणल्या. मोनोग्रामचे आवडते प्रमाण एकास चोवीस, कारण त्यात एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच.

साचा कसा बनत असे, हे इंजिनिअर मंडळींसाठी सांगते, बाकीच्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल. आधी कुशल कारागीर गाडीची लाकडी प्रतिकृती मोठ्या आकारात कोरत. मग पँटोग्राफ यंत्राची एक सुई त्या लाकडावरून फिरे आणि दुसऱ्या टोकाचे कटर तोच आकार लहान करून पोलादात कापे. त्या पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरले जाई. थंड होताना हे प्लॅस्टिक साधारण अर्धा टक्का आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो. आता लाकडाच्या जागी कॉम्प्युटरवरचे ड्रॉइंग आले, पण आकसण्याचा हिशेब तोच आहे.

पोलादी साचा महाग, आणि डेट्रॉईटची गाडी दरवर्षी थोडी बदलणार. मग मॉडेलवाले काय करत? नवा साचा करण्याऐवजी जुन्याच साच्यात फेरफार करत. नवी जाळी, नवे दिवे, नवे मागचे पंख. त्याच क्षणी मागच्या वर्षीची गाडी कायमची गेली. तो साचा पुन्हा तशी गाडी देऊ शकत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून घाम फुटेल, कारण हे बॅकअप न घेता फाइलवर फाइल लिहिण्यासारखे आहे. संग्राहक १९६० च्या दशकातल्या न उघडलेल्या खोक्यांच्या मागे का लागतात, याचे एक मोठे कारण हेच. जे खोक्यात उरले तेवढेच उरले. पुढे एएमटी स्वतःही हातोहात फिरली. १९७८ मध्ये ती मॅचबॉक्सच्या लेस्नी कंपनीकडे गेली, मग अर्टलकडे. आज ते नाव राउंड टू या कंपनीकडे आहे आणि साचे शाबूत राहिलेली जुनी किट ती पुन्हा काढते.

अमेरिकेत हे चालू असताना जपानमध्ये एक लाकडाची वखार हळूहळू या छंदाकडे वळत होती. टोकियो आणि नागोया यांच्या मध्ये शिझुओका शहर आहे. तिथे योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकडाचा धंदा सुरू केला. जोडीला लाकडी जहाजे आणि विमानांची किटही निघू लागली. १९५१ मध्ये आग लागून मोठे नुकसान झाले. पुढे १९५३ मध्ये इमारती लाकूड विकणे बंद करून त्यांनी फक्त मॉडेलवर लक्ष दिले. परदेशी प्लॅस्टिक किट आली आणि लाकडी मॉडेलना गिऱ्हाईक उरेना, तेव्हा त्यांनीही प्लॅस्टिक धरले. १९६० चे पहिले प्लॅस्टिक मॉडेल ‘यामातो’ युद्धनौकेचे. नेमके तेच जहाज दुसऱ्या कंपनीने स्वस्तात आणले आणि तामियांचे गणित कोसळले. पुढचा डाव पँथर रणगाड्याचा. त्यात मोटर आणि बॅटरी बसायला हवी होती, म्हणून आकार त्या हिशेबाने ठरवला आणि प्रमाण निघाले एकास पस्तीस. आज जगभर रणगाड्यांची मॉडेल याच प्रमाणात होतात. बॅटरी मावण्यासाठी काढलेली तडजोड प्रमाणभूत झाली! सॉफ्टवेअरमध्ये असे रोज घडते, पण आम्ही ते मान्य करत नाही.

मोटारींकडे तामिया १९६७ मध्ये जोरात आले, ते होंडाच्या आरए-२७३ या फॉर्म्युला वन गाडीच्या एकास बारा प्रमाणातल्या मोठ्या किटने. योशिओंचे पुत्र शुनसाकू तामिया यांची कामाची रीत साधी होती: ज्याचे मॉडेल करायचे ती वस्तू आधी डोळ्यांनी बघायची आणि हातांनी मोजायची. १९७६ च्या पोर्शे ९३४ च्या वेळी त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करवली. प्रत्येक भाग पाहून, मोजून झाल्यावर मग किट केले. खर्च इतका झाला की तो भरून काढायला तीच बॉडी रेडिओवर चालणाऱ्या गाडीवर बसवली, आणि तामियाच्या रिमोटच्या मोटारींचा मोठा व्यवसाय तिथून सुरू झाला. शुनसाकू तामिया २०२५ च्या जुलैमध्ये वयाच्या ९० व्या वर्षी गेले.

कामाच्या निमित्ताने मी २०२३ मध्ये काही आठवडे जपानमध्ये होते. एका शनिवारी मुद्दाम शिझुओकाला उतरले. शहरात एके ठिकाणी चालू वापरातली टपालपेटी किटच्या तुकड्यांसारखी चौकटीत बसवलेली आहे. तिचे भाग तोडून जोडायचे बाकी आहेत, असे वाटते. लोक त्यात खरोखर पत्रे टाकतात. तिथल्या एका दुकानात मला हासेगावा कंपनीचे सुझुकी जिम्नीचे किट दिसले, जेए-११, एकास चोवीस. खोक्यावरचे चित्र पाहून मी मोठ्याने म्हणाले, “अगं, ही तर जिप्सी!” दुकानदार दचकला.

तुम्हाला आठवते ना, २६ जानेवारीला मैदानाच्या फाटकातून आत यायची ती पोलिसांची जिप्सी? मुलगे प्रभातफेरी सोडून तिच्या टायरभोवती जमायचे आणि आम्ही लेझीम धरून लांबून बघायचो. आपल्या लहानपणी आपल्याकडे आयत्या छोट्या गाड्या मिळत. कोलकात्याची निकी टॉइज तर डिंकीचे जुने साचे वापरून गाड्या बनवत असे. पण तुकडे जोडून गाडी करण्याचे किट मी इंजिनिअर होईपर्यंत हातात धरले नव्हते. आणि जिप्सीचे किट तर मला अजून कुठेच मिळालेले नाही.

जिम्नी आणि जिप्सी एकाच घराण्यातल्या. चेहरा सारखा, पण अंगाने फरक आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जिम्नीत २०३० मिलिमीटर आणि आपल्या जिप्सीत २३७५. फरक ३४५ मिलिमीटरचा. त्याला २४ ने भागले की १४.४ मिलिमीटर. म्हणजे जिम्नी दारामागे आडवी कापायची आणि मध्ये १४.४ मिलिमीटरचा तुकडा घालायचा. एएमटीच्या त्या खोक्याने १९५८ मध्येच सांगून ठेवले होते: बदल, चालेल.

मी दोन खोकी घेतली. पहिली गाडी बिघडवली. मापे दोनदा तपासली होती, रेषा सरळ होती, करवतही नवी होती. जोडून बघते तर बॉडी जवळजवळ एक मिलिमीटरने आखूड. करवतीच्या पात्याला स्वतःची जाडी असते आणि तेवढे प्लॅस्टिक भुसा होऊन जाते, हे मी धरलेच नव्हते. एकास चोवीसमध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळपास अडीच सेंटिमीटर. दार बंद झाले नसते.

तेव्हा शिवणाच्या बाई आठवल्या. कागदी कापणी टेबलावर ठेवून बाई नेहमी म्हणायच्या, “मुलींनो, माया सोडा. माया सोडली नाही तर कापड चांगलं असूनही झबलं वाया.” शिलाईत जाणारी ती बोटभर पट्टी म्हणजे माया. पँटोग्राफवाल्यांनी अर्धा टक्का आकसण्यासाठी साचा मोठा ठेवला, तीही मायाच. दुसऱ्या जिप्सीला मी माया सोडली. ती बरोबर बसली.

मग टप. जिम्नीच्या किटमध्ये कडक छप्पर होते आणि आपल्या पोलिसांच्या जिप्सीला कॅनव्हासचा टप. वर्तमानपत्राच्या कागदावर आधी कापणी काढली, कोपऱ्यात गोलाई यावी म्हणून झबल्याला घालतो तशा टिपा घातल्या, मग पातळ टिश्यू कागद पांढऱ्या डिंकात भिजवून त्या आकारात बसवला. सुरकुत्या हव्या तशा पडल्या. सीटचे पट्टे केले साडीच्या फॉलच्या उरलेल्या पट्टीतून.

इथे एक कबुली द्यायला हवी. मॉडेल म्हणजे हुबेहूब छोटी गाडी, असे आपण म्हणतो ते पूर्ण खरे नाही. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड. तो २४ ने भागला तर पापुद्रा होईल, तो साच्यात बनत नाही आणि बोटात टिकत नाही. म्हणून प्लॅस्टिक एक मिलिमीटर असते, म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ सेंटिमीटरचा पत्रा. रंगाचेही तसेच. सगळेच प्रमाणात करता येत नाही. काय मोजून करायचे आणि कुठे सूट घ्यायची, हे करणाऱ्याला ठरवावे लागते. ते ठरवता यायला मूळ वस्तू उघडून पाहिलेली असावी लागते. तामियांनी पोर्शे उघडली ती यासाठीच.

आणि उघडून बघण्याची परवानगी कोणाला मिळते, हा या इतिहासातला प्रश्न मला सुटत नाही. १९५० च्या दशकात जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल यांनी काही महिला डिझायनर कामावर घेतल्या. त्या शिकलेल्या, तयार डिझायनर होत्या. त्यांच्याकडे काम आले ते बहुतांशी गाडीच्या आतले: सीटचे कापड, रंग, सजावट. पत्र्याचा बाहेरचा आकार पुरुषांकडे राहिला. डेट्रॉईटमध्येही वेळापत्रक लागलेले होते तर! शेड खाली, शिवण वर.

मला शिवण शिकवले याची तक्रार नाही. जिप्सीचा टप त्याच तासाने शिवला. तक्रार एवढीच की जिन्याच्या दोन्ही बाजूंना जायला कोणालाच मोकळीक नव्हती. सुतारकामाच्या तासाला कंटाळणारा आणि वर येऊन मशीनचा दोरा ओवायला धडपडणारा एक जण आपल्याच वर्गात होता. त्याचे नाव लिहीत नाही, तो या अंकाच्या संपादक मंडळात आहे.

स्नेहमेळाव्याच्या निधीतून मागची शेड पाडून नवी कार्यशाळा बांधायची असे ठरते आहे. त्यात माझाही वाटा आहे आणि एक विनंती आहे. तिथे रंधा, करवत, सोल्डरिंगची इस्त्री आणि शिवणयंत्र एकाच खोलीत ठेवावे. दारावर मुले-मुली अशी वाटणी नसावी. वर्षातून एकदा एखादी बंद पडलेली वस्तू, पंखा, मिक्सर, जमल्यास भंगारातली स्कूटर, मध्ये टेबलावर ठेवून ती मुलांना सुटी करू द्यावी. परत जोडता आली नाही तरी चालेल.

जिप्सी मी मेळाव्याला घेऊन येते आहे, कापसात गुंडाळून, टिफिनच्या डब्यात. बाई, टप तुम्ही हातात घेऊन बघा. सर, करवतीचा सांधा तुम्ही बघा. कुठे चुकले ते दोघांनीही सांगा. तिसरे खोके मी घेऊन ठेवले आहे.